शाळा संपली, आता सकाळी दहाला तो कुठे जाणार?

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: मुलगा साडेसतरा वर्षांचा, बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर ६० टक्के. ११ वर्षं विशेष शाळेत गेला, येत्या एप्रिलमध्ये शाळा संपते. स्वतःचं नाव लिहितो, दुकानांच्या पाट्या वाचतो, १०० पर्यंत मोजतो, पण सुट्ट्या पैशांचा हिशेब जमत नाही. "त्याला कोणता कोर्स लावू? नोकरी मिळेल का? त्याचे बाबा म्हणतात, कशाला, आपण आहोत ना. ते २००३ पासून केंद्र सरकारी नोकरीत आहेत, पुढे पेन्शन त्यालाच मिळेल म्हणतात."

ताई, विशेष शाळा आणि कार्यशाळा (शाळा संपलेल्या अशा मुलांना जिथे काम देतात ती) मिळून माझी नाशकात २३ वर्षं झाली. त्यातली निम्मी वर्षं सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या गेटांवर उभं राहण्यात गेली, म्हणून थोडं लांबून सांगते.

आधी कोर्स, मग सर्टिफिकेट, मग नोकरी, ही शिडी आपल्या मनात पक्की बसलेली असते. थोरल्याचं तसंच झालेलं असतं. पण बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची एक अडचण असते: एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. आमच्याकडे निळ्या टेबलावर, ओळखीच्या बाईंसमोर सुरेख पॅकिंग करणारा मुलगा कंपनीत गेला की हात गुंडाळून उभा राहतो. विसरलेला नसतो. टेबल वेगळं, आवाज वेगळा, माणसं वेगळी, म्हणजे त्याच्या लेखी कामच वेगळं. म्हणून सहा महिन्यांचा कोर्स करून नोकरी शोधण्यापेक्षा आधी जागा शोधायची आणि तिथेच, त्याच टेबलावर, त्याच माणसांत शिकवायचं. यात वेळ जातो तो शिकवणाऱ्याचा. मुलाचा कमीच जातो.

आणि "घरी राहू दे" याबद्दल. शाळा सुटल्यावर घरी बसलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. पहिला महिना मजेत जातो. दुसऱ्या महिन्यात उठायची वेळ दहावर येते. सहाव्या महिन्यात पोट सुटलेलं, दाढी वाढलेली, हातात मोबाइल, आणि बाहेर चल म्हटलं की आरडाओरडा. आठवीत असल्यापासून जो मुलगा स्वतः डबा धुवायचा, तो ताट जागेवरून उचलेनासा होतो. वर्षभराने अशा मुलाला कार्यशाळेत आणतात, तेव्हा आमचं पहिलं वर्ष नुसतं त्याला परत खुर्चीवर बसायला शिकवण्यात जातं. बाबांची माया खरी आहे, पण तिचा खर्च मुलाच्या अंगावर पडतो.

तर मग सुरुवात कुठून? बसपासून.

तुम्ही सिडकोत आहात, म्हणजे त्रिमूर्ती चौक किंवा पवननगरहून सिटीलिंक पकडता येईल. नोकरी कुठली ते अजून ठरलेलं नसलं तरी चालेल. एक फेरी ठरवा, घर ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) समजा, आणि रोज त्याच वेळेला करा. पहिले आठ-दहा दिवस त्याच्या शेजारी बसा, पण तिकीट त्याने काढायचं. मग तुम्ही दोन सीट मागे बसा. उतरायच्या आधीच्या स्टॉपवर काय दिसतं ते त्यालाच शोधू द्या: एखाद्या मुलाला पेट्रोल पंप लक्षात राहतो, एखाद्याला हनुमानाचं मंदिर. तुम्ही ठरवलेली खूण त्याच्या कामाची नसते. पुढे तुम्ही स्टॉपवर सोडा आणि त्या टोकाला काका किंवा शेजारी उभे करा. मग त्याला न सांगता मागच्या बसने जा. माझ्या अनुभवात या सगळ्याला तीन ते पाच महिने लागतात, आणि मधे एकदा तरी मुलगा चुकतो. चुकायलाच हवं. चुकल्यावर काय करायचं हेच खरं शिकणं: जागचं हलायचं नाही, खिशातलं नाव-फोन लिहिलेलं कार्ड काढायचं, कंडक्टरला किंवा दुकानदाराला दाखवायचं, फोन लावायचा. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) खुल्या होतात तेव्हा रस्ते बंद होऊन बस वळवतात. एकदा आमचा एक मुलगा भलत्याच चौकात उतरला आणि रसवंतीवाल्याला कार्ड दाखवून तिथेच बसून राहिला. आई रडत आली, हा मात्र दुसरा ग्लास पीत होता. त्या दिवशी मी त्याच्या नावापुढे "नोकरीला तयार" असं लिहिलं.

एसटीने जावं लागणार असेल, म्हणजे सिन्नर किंवा दिंडोरीच्या बाजूला, तर दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. कार्ड आत्ताच करून ठेवा.

बसच्या बरोबरीने आणखी काही सवयी लागतात. त्या शाळेत नीट शिकवल्या जात नाहीत, याला आम्ही शिक्षकही जबाबदार आहोत. लहानपणी आमची मुलं सगळ्यांना मिठी मारतात आणि सगळ्यांना गोड वाटतं. अठरा वर्षांच्या, मिशी फुटलेल्या मुलाने कंपनीतल्या बाईला मिठी मारली की त्याच दिवशी घरी पाठवतात. आजपासून घरातल्या चार माणसांशिवाय सगळ्यांना नमस्कार. मावशीलाही. मावशी नाराज होईल, होऊ दे. दुसरं, लघवीला जायचं तेव्हा सांगून जायचं, आणि दार लावायचं. तिसरं, दाढी, घामाचा वास, धुतलेला शर्ट. कामात हळू असल्यामुळे काढलेली मुलं मला फार आठवत नाहीत. या तीन कारणांनी काढलेली पुष्कळ आठवतात.

पैशांचं सोपं आहे. त्याला वजाबाकी शिकवत बसू नका, अकरा वर्षांत आली नाही ती आता पाच महिन्यांत येणार नाही. "वरची नोट" शिकवा. दुकानदार ३७ म्हणाला की ५०ची द्यायची, ५० च्या वर म्हणाला की १०० ची, आणि हात पुढे करून उभं राहायचं. उरलेले मोजता आले नाहीत तरी चालेल. "परत द्या" म्हणता आलं पाहिजे.

आता नोकरी. जाहिरात पाहून अर्ज करण्याने आपल्या मुलांना काम मिळत नाही, कारण जाहिरातीत पाच कामं एकत्र असतात आणि आपल्या मुलाला त्यातली दोन येतात. ती दोन कामं त्या पाचांतून वेगळी काढावी लागतात. त्यासाठी गेटवर जाऊन अर्धा दिवस नुसतं बघावं लागतं. अंबडमधल्या एका छोट्या युनिटमध्ये मी असं बघत बसले होते. वॉशर मोजून पिशवीत भरायचे, एका पिशवीत १२. चांगले पगारदार ऑपरेटर मशीन सोडून रोज तासभर हे करत होते. मी मालकांना म्हटलं, हा तास मला द्या.

जो मुलगा नेला त्याला १२ मोजता यायचं, पण कम्प्रेसर सुरू झाला की सातच्या पुढे गोंधळ. मग आमच्या सुताराकडून लाकडाची पट्टी करून घेतली, १२ खळग्यांची. प्रत्येक खळग्यात एक वॉशर. सगळे भरले की पट्टी पिशवीत उलटी करायची. मोजायचं नाहीच. पहिल्या आठवड्यात ४० पिशव्या, दुसऱ्या महिन्यात दिवसाला २०० च्या आसपास, आणि चूक जवळजवळ नाही. पुढे फोरमनने तसल्या दोन पट्ट्या आपल्या इतर पोरांसाठीही मागून घेतल्या. तो मुलगा अजून तिथेच आहे.

असं काम नाशकात शोधलं तर मिळतं. सातपूर-अंबडमध्ये पॅकिंग, लेबल लावणं, बर काढणं (धातूच्या तुकड्याची खरखरीत कड घासणं). निफाड-दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या हंगामात पुठ्ठ्याचे खोके उभे करणं (हे हंगामी, पण तीन-चार महिने रोज हजेरी लागते). गंगापूर-मखमलाबादकडच्या नर्सऱ्यांमध्ये पिशव्यांत माती भरणं. उन्हाचा त्रास नसेल तर हे आमच्या मुलांना फार मानवतं, कारण माती घाई करत नाही. हॉटेलच्या धुलाईत टॉवेल घडी करणं. पंचवटीत पूजासाहित्याच्या दुकानांना वाती लागतात, त्या बारा महिने. आणि तुमचं किंवा मामाचं दुकान असेल तर ते पहिलं. घरच्या दुकानात काम करणं ही कमी प्रतीची नोकरी नाही. फक्त तिथेही वेळ, गणवेशासारखा एक शर्ट आणि महिन्याला पगार हवा, नाहीतर ते "दुकानात बसवलंय" होतं.

यात माझी एक चूक सांगते. एका पॅकिंग युनिटमध्ये आमची एक मुलगी लावली होती. १४ महिने एक दिवस गैरहजर नाही. तिच्या सुपरवायझर बाईंना मी सगळं शिकवलं होतं: एका वेळी एकच सूचना, मोठ्याने नाही, आणि दाखवून. त्या बाई सोडून गेल्या. नवीन आलेल्याला कुणी काही सांगितलंच नाही. त्याने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत ओरडून तीन कामं एकदम सांगितली. जेवणाच्या सुट्टीनंतर मुलगी जागेवर नाही. संध्याकाळपर्यंत बसस्टॉपवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. परत कधी गेली नाही, आज तीन वर्षं घरी आहे. सगळा भार मी एका माणसावर टाकला होता. आता मी कुठेही मूल लावते तेव्हा दोन माणसं तयार करते, आणि पहिल्या वर्षी दर महिन्याला स्वतः जाऊन येते. तुम्ही ज्या संस्थेकडून काम मिळवाल तिला हेच विचारा: लावल्यानंतर तुम्ही कितीदा जाता? "अडचण आली तर कळवा" असं उत्तर मिळालं तर समजून घ्या.

पगाराचंही स्पष्ट बोला. "ट्रायल" म्हणून आठ महिने फुकट राबवलेली मुलं मला माहीत आहेत, आणि आईबाप "निदान गुंतलेला तरी राहतो" म्हणून गप्प. ट्रायल महिनाभराची, तीही काहीतरी देऊन. मग पगार खात्यात, हजेरीपटावर नाव. ईएसआयसाठी (कामगारांचा सरकारी विमा) साधी पगारमर्यादा महिना २१,००० आहे, दिव्यांग कामगाराला ती २५,००० आहे. मालकाला माहीत नसतं, तुम्ही सांगा.

तो पूर्णवेळ कंपनीत जाण्यासारखा आत्ता नसेल तर कार्यशाळा. नाशकात याची परंपरा जुनी आहे. रजनी लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी ही विशेष शाळा सुरू केली तेव्हा या मुलांसाठी शहरात फारसं काही नव्हतं, आणि शाळेनंतर मुलांचं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढेही आला म्हणूनच कार्यशाळा उभ्या राहिल्या. कुठलीही कार्यशाळा निवडण्याआधी तिथे एक सकाळ बसा. दिवाळीच्या आधी जाऊ नका. दिवाळीला सगळीकडे पणत्या रंगवणं चालू असतं, फोटो निघतात, पाहुणे येतात. जूनमध्ये जा. त्या वेळी किती हात चालू आहेत आणि किती मुलं भिंतीकडे बघत बसलीत ते मोजा. आणि हेही बघा की पणतीवरची नाजूक नक्षी खरंच मुलांनी काढली आहे की रात्री बाईंनी. (मी काढलेली आहे. ऑर्डर पूर्ण करायची असते हो.) मुलांना महिन्याला हातात किती पडतात, आणि गेल्या पाच वर्षांत कार्यशाळेतून बाहेर कामाला किती गेले, हे दोन प्रश्न न लाजता विचारा.

पुढच्या शिक्षणाबद्दल थोडक्यात. तुमचा मुलगा पाट्या वाचतो, म्हणजे एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) मुक्त मूलभूत शिक्षणाचा विचार करता येईल. त्याचे ए, बी, सी हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत. आठवी झाली तर आयटीआयच्या वेल्डर, शिवणकाम अशा काही ट्रेडचं दार उघडतं. पण सुट्टे पैसे जमत नाहीत असं तुम्हीच म्हणता, तेव्हा आयटीआयची थिअरी त्याला झेपेल असं मला वाटत नाही. त्याला वाचायची हौस असेल तर ए स्तर संध्याकाळी करू द्या, सकाळचे तास कामाचेच ठेवा. ज्यांची मुलं मंदगती आहेत किंवा फक्त अध्ययन अक्षमता आहे त्यांचा रस्ता वेगळा: १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी, मग सातपूरची आयटीआय किंवा बारावीनंतर आपल्याच गावातलं मुक्त विद्यापीठ. दृष्टिहीन मुलांसाठी सातपूरला नॅब ही संस्था आहेच.

सरकारी नोकरी विचारणारे बरेच असतात, म्हणून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. पदाची शैक्षणिक पात्रता आणि परीक्षा मात्र चुकत नाही, त्यामुळे या जागा बहुतेक वेळा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांकडे जातात. "अपंग कोट्यातून आत लावून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहाही पाजू नका. एका आईने मंगळसूत्र मोडून दिलेलं मला माहीत आहे.

कागदांचं आता. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी. काही लाभांना उत्पन्नाचा दाखलाही लागतो. आणि एक गोष्ट आईबापांच्या लक्षातच येत नाही. अठरा पूर्ण झाले की कायद्याने तुम्ही त्याचे पालक राहत नाही. बँक, मालमत्ता, सही, सगळीकडे अडतं. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. कोर्टात जावं लागत नाही. वाढदिवस झाला की लगेच अर्ज करा. त्याच न्यासाची निरामय ही १ लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही बघून घ्या.

पेन्शनचं बाबांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. २००४ च्या आधी लागलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याच्या, स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांनंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यामुळेच बरीच घरं मुलाला कामाला लावायला घाबरतात. पण २०२१ मध्ये केंद्राने ही अट सैल केली: मुलाचं इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई मदतीपेक्षा, कमी असेल तर हक्क जात नाही. वॉशर भरण्याच्या पगाराने ती रेषा ओलांडली जाणं अवघड आहे. तरी बाबांनी आपल्या कार्यालयात लेखी विचारावं, आणि कुटुंबाच्या तपशिलात मुलाचं नाव व अपंगत्व सेवेत असतानाच नोंदवून घ्यावं. आजोबा गेल्यावर ही नोंद करायला फिरणारे काका मी दरवर्षी बघते.

एक राहिलं. या सगळ्यात मुलाला कुणी विचारलं का? "तुला काय आवडतं" असं विचारलंत तर तो तुमचाच शब्द परत म्हणेल. दोन ठिकाणी प्रत्येकी तीन दिवस बसवा आणि चौथ्या दिवशी सकाळी कुठली चप्पल तो स्वतःहून घालतो ते बघा. आमच्या एका मुलाला आम्ही वर्षभर कागदी पिशव्या करायला लावल्या आणि तो रोज रडायचा. नर्सरीत नेलं तर संध्याकाळी परत यायला तयार नाही. त्याला गोंदाचा वास सहन होत नव्हता, एवढंच.

एप्रिलला अजून पाच महिने आहेत. बस उद्यापासून. जानेवारीत दोन जागा बघून ठेवा. शाळेचा निरोप समारंभ शनिवारी असेल तर त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी त्याच्या हातात डबा पाहिजे, मग तो अर्ध्या दिवसापुरता का असेना. डबा मात्र त्याला स्वतःला उघडता येईल असाच घ्या. चार बाजूंनी लॉक होणाऱ्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण न उघडल्यामुळे पहिल्या दिवशी उपाशी राहिलेली दोन मुलं मीच कामाला लावलेली होती.